पालथी पानं

बसा. लाईट गेली की इथं लवकर येत नाही. कंदील तुमच्या बाजूला सरकवतो. उंबऱ्यातलं पान उचलून कडेला ठेवलंत, बरं केलंत. पाय पडू नये पानावर. तुमचं जेवण झालंय म्हणालात तेही बरंच, कारण संध्याकाळनंतर मी चूल पेटवत नाही.

तुम्ही विचारलंत, मुलगा एवढा बोलावतो तर आबा त्याच्याकडे जात का नाहीत. सांगतो. मी हळू बोलतो, शिक्षण चौथीपर्यंतचं. मध्ये थांबलो तर झोपलो समजू नका. झोपत नाही मी फारसा.

मागच्या साली भाद्रपद निम्मा झाला होता. खाली धरण काठोकाठ भरलेलं. माझा मुलगा अमृत तेव्हा लोणावळ्यात एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. शनिवार-रविवारची गर्दी आचाऱ्याला सुट्टी देत नाही, म्हणून तो पंधरा दिवसांतून एकदा, बुधवारी घरी यायचा. सून सारिका आणि नात चैताली माझ्यापाशी. चैताली सहा वर्षांची. ती त्याला ‘बुधवारचे बाबा’ म्हणायची. ती हसत म्हणायची, पण अमृतला ते लागायचं.

त्या बुधवारी तो आला तोच बातमी घेऊन. हॉटेलच्या मालकाची आणखी तीन हॉटेलं, तिन्ही बेटांवर. बायकोपोरीला घेऊन जा, राहायला खोल्या देतो, कुठं जायचं ते सोमवारपर्यंत सांग, असं मालक म्हणाला होता. बाहेर धुकं एवढं की दुपारी दोन वाजता घरात दिवा लावलेला. आम्ही चौघं चुलीपाशी.

“मालदीवला पगार लय हाय,” अमृत म्हणाला.

“तिथं बेट म्हणजेच हॉटेल,” सारिका म्हणाली. “या टोकाला शिंकलं की त्या टोकाला सत्य म्हणतील. पोरीला शाळा कुठली?”

“मग मॉरिशस. तिकडं आपली माणसं हायेत. गणपती बसवतात म्हणं.”

“ती गेली ती गेलीच की. परत आलं का कुणी?”

“अंदमानाला काळं पाणी म्हणायचे,” मी म्हणालो.

“आबा, आता तिथं नवरा-बायको लग्न झाल्यावर फिरायला जातात,” अमृत हसला.

“तेच ते,” मी म्हणालो. सारिकानं तोंडावर पदर घेतला.

चैताली कोपऱ्यात भातुकली मांडून बसली होती. जांभळाची पानं ओळीनं लावलेली. ती मान वर न करता म्हणाली, “आपलं बेट आहे की. तिथंच जाऊ. मग बाबा रोज येतील.”

तिनं खिडकीकडं बोट केलं. धुक्यात काही दिसत नव्हतं, पण बोट बरोबर त्या दिशेला होतं. दोघं हसले. मी नाही हसलो.

तिकडं धरणात एक टेकाड आहे, त्यावर आमचं जुनं घर होतं. मी अकरा वर्षांचा असताना धरणाचं पाणी चढायला लागलं. गाव वर आलं, भांडीकुंडी वर आली. आमची आई, कस्तुराबाई, मात्र शेवटच्या दिवशी म्हणाली, घर सोडताना चूल उपाशी ठेवू नये. तुम्ही व्हा पुढं, मी भात शिजवून, चुलीला घास देऊन येते. रात्रभर आम्ही वरून तिचा दिवा बघत होतो. सकाळी टेकाडाभोवती सगळीकडून पाणी. इथला नावाडी नूरमहंमद, त्याचा बाप होडी घेऊन गेला. चूल गरम होती. भात शिजलेला होता. आई नव्हती. आजतागायत नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात ते टेकाड असतं, चालत जाता येतं. पावसाळ्यात बेट होतं.

आईच्या जेवणाच्या पंगतीला दोन नियम होते. आधी मोठ्याचं पान वाढायचं, मग लहानांची. आणि ज्याला जेवायचं नसेल त्यानं आपलं पान पालथं घालायचं, म्हणजे ती पुढं जायची. पण एकदा पानावर अन्न पडलं की ते पालथं घालायचं नाही. मग खायचंच.

तर, तिघांचं काही ठरेना. शेवटी सारिका म्हणाली, “आबा, कौल लावा. देवी सांगेल ते खरं.”

आमची जाखमाता वरच्या अंगाला आहे. कौल लावायचं काम माझ्याकडं. कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या धोंड्याला चिकटवायच्या, उजवीकडं एक, डावीकडं एक. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोपं असतं. पण विचारायचं ते नाव घेऊन, नीट, हो-नाहीचं. देवीला मोकळं सोडून विचारायचं नसतं. माझ्या आज्यानं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

मी एकटाच गेलो. धुक्यात देवळाची पायरीसुद्धा पायाला लागल्यावर कळली. कळ्या लावल्या, मालदीवचं नाव घेतलं. घटका गेली. एकही कळी हलली नाही. मॉरिशसचं घेतलं. नाही. अंदमानचं घेतलं. तेही नाही. पाण्याचे थेंब ओघळत होते आणि कळ्या खिळ्यानं ठोकल्यासारख्या.

आता कळतं मला. देवीला तिच्या शिवेतलं माहीत. ओढा, माळ, कुणाचा बांध कुठं. समुद्रापलीकडचं ती काय सांगणार? पण माझे गुडघे ठणकत होते. दमलो होतो. पोरगी बुधवारची वाट बघते, हे डोळ्यापुढं होतं. कपाळ टेकून मी म्हणालो, “आई, मग तूच सांग. माझ्या लेकराबाळांनी कुठल्या बेटावर राहायला जावं?”

उजवी कळी पडली.

आवाज झाला तिचा. कळीचा आवाज होत नाही हो. दगडावर दगड पडल्यासारखा झाला.

आणि मग मला उमजलं की देवीच्या शिवेत बेट एकच आहे.

कळी शोधली मी. हातानं सगळी फरशी चाचपली. सापडली नाही. घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कौलाबद्दल खोटं बोललो. म्हणालो, “अंदमानला लागला.” सारिकानं देवळाच्या दिशेनं हात जोडले. अमृतनं तिथल्या तिथं मालकाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी धुकं जरा फाटलं. दुपारची वेळ. मला खिडकीतून बेटावर धूर दिसला. बारीक, सरळ. चुलीचा असतो तसा.

मी खाली नूरमहंमदकडं गेलो. तो आता पाहुण्यांना होडीत फिरवतो.

“गेणूभाऊ, तिकडं कशाला?” तो म्हणाला. “गिऱ्हाईकानं दुप्पट दिले तरी मी तिकडं नेत न्हाई.”

“आईला सांगायचंय काहीतरी.”

त्यानं होडीचा दोर सोडला. मग म्हणाला, “अब्बा म्हनायचे, त्या दिवशी चुलीजवळ पानं मांडलेली हुती. तुमच्या घरच्यांना बोलले न्हाईत ते. मलाच बोलले, मरताना.” आणि त्यानं होडी ढकलली.

बेटावर उतरलो मी एकटा. नूरमहंमद होडीतच बसला, पाठ करून. गवत कमरेएवढं, भिजलेलं. पण घराच्या जागी गवत नव्हतं. सारवलेलं होतं. ओलं सारवण, त्यावर बोटांच्या ओळी. तीन दगडांची चूल, तीत निखारे. वर मातीचं मडकं, आणि वास... आंबेमोहोराचा. तो तांदूळ आमच्या घरात आई गेल्यापासून कुणी शिजवला नाही.

चुलीसमोर पळसाची पानं मांडली होती. त्या बेटावर पळस नाही.

मी मोजली. पाच. आम्ही चौघं. पाचवं पान तळहाताएवढं, कडेला, चैतालीच्या पानाशेजारी.

चार पानं रिकामी होती. पहिल्यावर, मोठ्याच्या पानावर, भात वाढलेला. वाफ निघत होती. आजूबाजूला कुणी नाही. फक्त पाण्याचं चुबुक चुबुक... आणि मला वाटलं, वाढणारी माझ्या मागं उभी आहे, मी बसायची वाट बघत.

मी मागं बघितलं नाही. बसलोही नाही. वाकून एकेक करत चार पानं पालथी घातली. लहानगं शेवटी. माझं घालता येईना, अन्न पडलं होतं त्यावर.

“आई,” मी म्हणालो, “लेकरांचं पोट भरलंय. त्यांना लांब जायचंय. माझं तेवढं राहू दे. मी येईन जेवायला... एकटा.”

पलीकडून नूरमहंमद ओरडला, “भाऊ, चला! पानी चढतंय!” पाणी चढत नव्हतं. धरण भरलेलंच होतं. तरी होडीपर्यंत आलो तर माझे पाय गुडघ्यापर्यंत भिजले होते. येताना तिथं कोरडं होतं.

आठ दिवसांनी सारिकानं लाजत सांगितलं की तिला दिवस गेलेत. अमृत नाचला. चैताली म्हणाली, “मला माहीत होतं.” मी देवापुढं साखर ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसलो. ते लहानगं पान माझ्या हाताला अजून लागत होतं.

दसऱ्यानंतर ते गेले. जाताना सारिका म्हणाली, “आबा, तुमी पण चला. एकटे काय खाणार?” मी म्हणालो, “येईन पुढं. आधी तुमी रुळा.” चैतालीनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या केसांना धुराचा वास होता. सून स्वयंपाक गॅसवर करायची, पोरगी सहसा चुलीजवळ फार बसत नसे. मी मनाला म्हटलं, असेल.

तिकडं सगळं बरं झालं. अमृत रोज घरी जेवायला. चैतालीला शाळा. वैशाखात बाळ झालं, मुलगा. मी त्याला फोनवरच बघतो. वाटलं, सुटले. माझं काय, माझं पान वाढलेलंच आहे. म्हातारपणी कुणी वाट बघतंय हे काही वाईट नाही. मी दमलोय हो. कधी कधी वास आला की वाटायचं, आज जावं. बसावं, जेवावं, संपवावं.

मग या श्रावणात चैतालीनं फोनवर मला भातुकली दाखवली. तिकडं बदामाची मोठाली पानं पडतात. तिनं ओळ लावली होती. “हे बाबांचं, हे आईचं, हे माझं, हे बाळूचं.”

“छान,” मी म्हणालो. “पण सगळी पालथी का गं?”

“अजून आमची वेळ नाही ना. आधी मोठ्याचं. आबा जेवले की मग ती आमची सरळ करणार आहे.”

“कोण गं?”

“वाढणारी आजी.”

मी फोन जवळ धरला. मग विचारलं, “कुटं राहते ती आजी?”

“असं काय करता? तुमच्याकडंच की.” ती हसली. “तिकडनंच येते. तिचे पाय ओले असतात. तुम्ही झोपलात की येते इथं, पानं बघायला. मग तुम्ही जागे झालात की पळते.”

पाठीमागं सारिका बाळाला थोपटत होती. तिला यातलं काही ऐकू आलं नसावं. तिच्या मागची फरशी मला दिसत होती. पुसलेली असेल, ओली होती.

तर असं आहे. मुलाकडं का जात नाही म्हणालात ना. मी ज्या घरात राहीन तिथं तीही येणार, माझ्या झोपेची वाट बघत. म्हणून मी इथंच बरा. पानावर जेवत नाही, लग्नाकार्यातसुद्धा नाही. स्टीलच्या ताटात, दिवसा, दोन भाकरी. आणि झोपेचं म्हणाल तर भिंतीला टेकून बसतो. डोळा लागायला आला की उठून फिरतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस किती जागेल? पण मला मरून चालणार नाही, एवढं कळलंय.

आज मात्र चूक झाली. दुपारी धुकं आलं, गार वाटलं, ओट्यावर टेकलो आणि डोळा लागला. किती वेळ ते ठाऊक नाही. तुम्ही हाक मारलीत तेव्हा जागा झालो. तोंडात भाताची चव होती.

अमृतचा फोन रोज सहाला येतो. आज आला नाही. लाईट गेली की टॉवर जातो इथला, तेच असेल.

वास येतोय का तुम्हाला? नाही ना. बरं.

फक्त एक सांगा. ते मघाचं उंबऱ्यातलं पान तुम्ही हातात घेतलंत... पळसाचंच ना? ओलं होतं, हो, ओलं असणारच. पालथं होतं की सरळ?

सरळ.

आणि केवढं होतं हो? थांबा, उठू नका, हातानंच दाखवा. माझा तळहात बघा, एवढंच होतं... की त्याहून मोठं?