भिंगरीची पॉवर

“मॅडम, नवी भिंगरी टीव्हीखालच्या मोठ्या कन्सोलला हरवणार का? पॉवर किती आहे तिच्यात, खरं सांगा.”

हे विचारायची पैज रुबिना आणि वेदांगी या माझ्या मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. गेल्या वर्षी मी वर्गात ‘हजर’सुद्धा पुटपुटत म्हणायचे, त्यामुळे मी शेपूट घालणार याची दोघींना खात्री होती. मी विचारलं, तेही माईक हातात घेऊन.

२०४१ सालच्या त्या शनिवारी आमचा नववीचा वर्ग इचलकरंजीहून कोल्हापूरच्या एका संशोधन केंद्रात गेला होता. भिंगरी म्हणजे हातात धरून खेळायचा, अजून बाजारात न आलेला गेम कन्सोल. महिनाभर आम्ही तिच्या एका धूसर फोटोवरून भांडत होतो, की मागच्या रेघा म्हणजे जाळी आहे का नुसती नक्षी. आता दोन नमुने समोर होते. एक काळा, वहीसारखा पातळ. दुसरा कंपासपेटीएवढा जाड, मागे जाळी असलेला. कुठला बनवायचा ते आम्हा मुलांच्या मतांवर ठरणार होतं. मतपत्रिकेवर घरच्यांची सही घेऊन ती सोमवारी द्यायची होती.

भिंगरीचं डिझाइन करणाऱ्या डॉ. नयना उगारे म्हणाल्या, “पॉवर म्हणजे तुला वेग म्हणायचंय का?”

“हो, तेच की.”

“ते एकच नाही गं. विज्ञानात पॉवर म्हणजे शक्ती (दर सेकंदाला किती ऊर्जा वापरली जाते ते). ती वॅटमध्ये मोजतात. म्हणजे तू विचारलंस, हे यंत्र किती भराभर खातं.”

“मग शमिकात लई पॉवर आहे,” वेदांगी मागून माझ्याकडे बोट दाखवत कुजबुजली. “गाडीत चार वडे संपवलेत.”

तोवर रुबिनानं पातळ नमुना उचलून शर्यत सुरू केली होती. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून तिच्या बोटांना गरम-गार कळत नाही. पण बटणांवर तिच्याइतकी चपळ बोटं आख्ख्या शाळेत कुणाची नाहीत.

“खाल्लेलं जातं कुठं?” मी विचारलं. हा प्रश्न मात्र माझा होता.

मॅडम जवळ आल्या. “चिपमध्ये अब्जावधी बारीक स्विच असतात. प्रत्येक उघडझापीला थोडी ऊर्जा लागते आणि शेवटी जवळजवळ सगळीची उष्णता होते. वेग दुप्पट करायचा, तर स्विचांना विद्युतदाबही (वीज पुढे ढकलणारा जोर) वाढवून द्यावा लागतो. मग उष्णता दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास जाते. मोठ्या कन्सोलला पंखा असतो आणि तो कन्सोल लांब ठेवलेला असतो. हा तुमच्या तळहातात असतो.”

आमच्या घरी यंत्रमाग आहेत. मोटर तापली का ते पप्पा उलट्या हातानं बघतात, कारण चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. मी सवयीनं रुबिनाच्या नमुन्याला तसाच हात लावला. तो झटकन मागे आला.

“रुबी, ठेव खाली.”

“थांब की, शेवटची फेरी आहे.”

मी तो ओढूनच घेतला. तिच्या बोटांची टोकं लालबुंद झाली होती.

“मला तर काहीच कळलं नाही,” रुबिना म्हणाली.

मॅडमनी तिची बोटं बराच वेळ नळाखाली धरली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “हा इतका तापू द्यायचा, हे मीच ठरवलं. गरम लागलं की माणूस खाली ठेवेल, असं धरून चालले होते. ज्याला लागतच नाही, तो माझ्या डोक्यात आलाच नाही.”

“जाड नमुना असा नाही तापत?” मी विचारलं.

“नाही. त्याच्या जाळीतून हवा फिरते आणि मी त्याचा वेगही कमी ठेवलाय. कमी दाबावर चालणारे स्विच आम्ही शोधतोय. ते मिळाले की वेगवान आणि थंड, दोन्ही जमेल. तुम्ही मोठ्या व्हाल तोवर कदाचित. आज नाही.”

परतीच्या गाडीत रुबिना माझ्याजवळ बसली. बोटांना मलम लावलेलं होतं. “तू पातळालाच मत दे. माझ्यामुळं सगळ्यांचा गेम हळू झाला, असं मला ऐकायचं नाही. घे शपथ.”

मी शपथ घेतली नाही. ती उठून वेदांगीजवळ जाऊन बसली, ती इचलकरंजी येईपर्यंत.

जेवताना मी मतपत्रिका ताटाशेजारी ठेवली.

“आई, पप्पा, मी जाड नमुन्याला मत देणार आहे. वर्गातल्या सगळ्यांना पातळ हवाय. तरी सोमवारी उभं राहून मी कारण सांगणार, रुबिनाचं नाव न घेता.”

“आणि ती रुसली तर?” आईनं विचारलं.

“रुसलीच आहे. मी तिच्या घरी जाईन, ती दार उघडेपर्यंत जाईन. पण मत बदलणार नाही. पप्पा, सही करा.”