वाघ्या घेवड्याचे स्फटिक

"कुणीतरी माझे स्फटिक विरघळवले, आम्रपाली," खुर्चीत बसण्याआधीच डॉ. नीलिमा खराडे म्हणाली. "आणि उद्या संध्याकाळी माझी बंगलोरची गाडी आहे."

१९९२ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या छोट्या कचेरीत खासगी तपासनीस आम्रपाली बनसोडे आणि तिचे सहकारी, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार अर्जुना शेडगे, दुपारचं जेवण उरकून पुन्हा कामाला बसले होते. नीलिमा आम्रपालीची शाळेतली मैत्रीण. सांगलीच्या एका कॉलेजात ती जीवरसायनशास्त्र शिकवायची. सकाळी प्रयोगशाळेत जे दिसलं ते पाहून तिनं थेट साताऱ्याची एसटी पकडली होती.

"जीपमध्ये बोलू," म्हणत आम्रपाली उठली.

"स्फटिक म्हंजे खडीसाखरेवानी का?" गाडी हायवेला लागल्यावर सुभेदारांनी विचारलं.

"तसेच, पण मिठाच्या कणाएवढे. कोरेगावच्या वाघ्या घेवड्यातल्या एका प्रथिनाचे. त्याच्या द्रावणाचा थेंब काचेच्या चकतीला उलटा टांगायचा. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं, थेंब आटतो, तेव्हा कुठे स्फटिक धरतो. फार वाट पाहावी लागते."

"आणि बंगलोरला काय?" आम्रपालीनं विचारलं.

"तिथं क्ष-किरणांचं मोठं यंत्र आहे. स्फटिकातून किरण सोडले की पलीकडे फिल्मवर ठिपके उमटतात, त्यांवरून प्रथिनाची घडण कळते. यंत्र एका संस्थेत असलं, तरी सगळ्या देशातल्या संशोधकांसाठी आहे. अर्ज करायचा, जाणकारांची समिती तो तपासते, पटलं तर पाळी देते. माझा पहिला अर्ज परत आला, स्फटिक फार लहान म्हणून. दुसरा मंजूर झाला. पण पाळी चुकली, तर यंत्र पुढच्याला मिळतं आणि आपण पुन्हा रांगेच्या शेवटी."

आष्टा मागे टाकून जीप दिवस मावळायच्या आत सांगलीच्या कॉलेजात पोचली.

प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात थेंब टांगलेला कप्प्याकप्प्यांचा पारदर्शक ट्रे जागेवरच होता. सुभेदार वाकून पाहू लागले.

"थेंब लय टपोरे हायेत की. आन् सगळे सारके."

"थेंब आहेत, पण आत काहीच नाही, सुभेदार," नीलिमा म्हणाली.

विभागप्रमुख प्रा. वीरधवल माने तिथंच खुर्ची ओढून बसले. "चौकशी माझ्यासमोर होईल," ते म्हणाले. आम्रपालीनं हरकत घेतली नाही.

आधी शिपाई आकाराम आला.

"काल सांच्याला कुलूप मीच लावलं, बाई. त्याआदी क्रांतीताई एकट्याच काम करत हुत्या. सामानाच्या खोलीची किल्लीबी त्यांनीच मागून नेली."

"आणि आज सकाळी?"

"सरांचं पाव्हणं आलं, म्याडमच्याबी आदी. हातात बर्फाचा डबा हुता. मी घ्याया गेलो, तर हलका. रिकामाच."

"मुंबईच्या प्रयोगशाळेतले स्नेही आहेत," माने सरांनी मध्येच सांगितलं. "व्याख्यानाला आले होते."

"झालं व्याख्यान?"

"नाही. स्फटिकांचं कळल्यावर कुणाचं मन लागणार? दुपारी परतले ते." सर खुर्चीत पुढे झुकले. "खरं सांगू? मीही एकदा बंगलोरला अर्ज केला होता. तुमच्याकडे सोयी काय आहेत, असं विचारून बोळवण केली त्यांनी. ती यंत्रं मोठ्यांसाठी असतात."

शेवटी क्रांती आली. नीलिमाच्या हाताखाली संशोधन करणारी ही मुलगी माधवनगरहून रोज यायची. तिनं आधी सरांकडे पाहिलं, मग खाली.

"काल मी ट्रे पाहिला तेव्हा सगळं ठीक होतं," ती म्हणाली आणि नीलिमाकडे वळली. "मॅडम, तिकीट रद्द करू नका."

"रिकाम्या हातानं जाऊन काय करू गं?"

"तरी नका करू."

तिच्या स्वेटरच्या बाहीला लाकडाचा भुसा चिकटला होता. आम्रपालीनं तो झटकला आणि ती व्हरांड्यात गेली. सुभेदार मागोमाग आले.

"ताई, त्यो सरच. जळतोय बाईंवर. पानी वतलं आसंल."

"पाणी ओतलं असतं तर थेंब लहानमोठे झाले असते. तुम्हीच म्हणालात, सगळे सारखे आहेत. चला."

आत येऊन ती ट्रेजवळ उभी राहिली.

"नीलिमा, तुझे स्फटिक विरघळलेलेच नाहीत. जुना थेंब आटलेला असतो, हे तूच सांगितलंस. हे टपोरे आहेत, म्हणजे कालचे आहेत. हा ट्रेच दुसरा आहे. असे थेंब टांगणं आकारामचं काम नव्हे, आणि काल संध्याकाळी इथं क्रांती एकटी होती."

क्रांती दोन पावलं मागे सरकली.

"पण नुकसान करणारी मुलगी 'तिकीट ठेवा' म्हणत नाही. स्फटिक सुखरूप आहेत हे तिला ठाऊक होतं. मग लपवले कुणापासून? व्याख्यानाला येणारा माणूस बर्फाचा रिकामा डबा कशाला आणेल, सर? काहीतरी घेऊन जायलाच ना?"

माने सरांनी चष्मा काढून हातात धरला.

"त्यांचं यंत्र मोकळं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "नाव त्यांचं लागलं असतं, पण काम तरी झालं असतं. नीलिमा, मी तुला नंतर सांगणार होतो. सांगलीच्या माणसाला तिथं दारात उभं करतील, यावर माझा विश्वासच नव्हता."

"मला पाळी दिली आहे त्यांनी, सर," नीलिमा म्हणाली.

"सरांचं फोनवरचं बोलणं मी काल ऐकलं," क्रांतीला आता रडू आवरेना. "मॅडम तेव्हा घरी गेल्या होत्या. सकाळी सांगणार होते, पण पाहुणे इथंच बसलेले. ते गेले तोवर मॅडम साताऱ्याला. आणि आता सर समोर होते... माझं संशोधन त्यांच्याच सहीवर आहे."

"सामानाच्या खोलीत काचसामान भुशात पॅक होऊन येतं, नाही का?" आम्रपालीनं विचारलं. "थंड, अंधारी जागा. धक्का लागायची भीती नाही."

क्रांतीनं मान हलवली.

लाकडी पेटीतून तिनं दोन्ही हातांनी ट्रे काढला. नीलिमानं तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आटलेल्या इवल्या थेंबांत धारदार कडांचे स्फटिक चमकत होते. ती तशीच जमिनीवर बसली आणि हसत हसत डोळे पुसू लागली. माने सर तिच्याजवळ गेले. "क्रांतीच्या संशोधनाला कसलीही अडचण येणार नाही," ते म्हणाले. "तिलाही सोबत घेऊन जा."

त्या आठवड्यात बंगलोरहून फोन आला. सुभेदारांनी तो उचलला.

"ठिपके उमटले, सुभेदार," नीलिमा सांगत होती. "अगदी कडेपर्यंत, स्वच्छ."

"म्हंजे ब्येस झालं का?"

"लय ब्येस. आत्ता यंत्रावर क्रांती बसलीय. तिनं मला बाहेर काढलंय. मी आता पोटभर जेवणार आणि झोपणार आहे."