काल्यातलं विरजण

कौतिकाने कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि ती हातातच पीठ होऊन सांडली. पाठोपाठ आंबूस वास आला. ओळखीचा. तिच्याच हौदातल्या विरजणाचा.

"कौते, लक्ष्मीला लाथ लावली असशील!" दारातून हैबत हसला. तिने मूठ उघडून दाखवली, तसं त्याचं हसू जिथल्या तिथं विरलं.

लागोपाठच्या दुष्काळांनंतर गावातल्या तरुणांनी हे विरजण घडवलं होतं. ज्वारीचं कणीस खुडलं की कडबा उरतो. त्यातला चिवट तंतू माणसाला पचत नाही. विरजणातले सूक्ष्मजीव तो फोडून त्याचं पौष्टिक पीठ करत. गावात आता कुणी उपाशी निजत नव्हतं. हे सूक्ष्मजीव मोकाट सुटू नयेत म्हणून त्यांना एका क्षाराची सवय लावून ठेवलेली. तो क्षार फक्त हौदात. बाहेर पडले की मेलेच.

"मग हे जगलं कसं?" हैबतने विचारलं.

कौतिकाला काल्याचा दिवस आठवला. सप्ताहाची सांगता, काल्याचं कीर्तन ऐन रंगात, टाळांच्या नादाने मंडप भरलेला. निवृत्तीबुवांनी दही-लाह्यांच्या हंडीशी उभं राहून हाक दिली होती, "घराघरातलं यात पडू द्या रे! पोरांनो, तुमचा हौद हेही एक घरच की!" तिचे डोळे भरून आले होते. क्षाराशिवाय मरणारच म्हणून तिने पळीभर कच्चं विरजण भक्तिभावाने हंडीत ओतलं होतं.

"सूक्ष्मजीव एकमेकांना गुण देतात, हैबत. क्षाराशिवाय जगण्याचा गुण यांनी दह्यातल्या जिवाणूंकडून घेतला."

"म्हणजे त्यांनीही आपसात काला केला."

दोघं धावत देवळात गेले. ऐकता ऐकता वाती वळणारे बुवांचे हात थांबले.

"हाक मी दिली होती, पोरी. पण प्रसाद घरोघर गेला. शुभ म्हणून बायांनी त्याचंच विरजण लावलंय."

"उकळलं की मरतात, बुवा. सगळं दही, सगळं ताक उकळायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"हैबत, कर्णा लाव. मीच सांगतो."

"आणि शेतातली ज्वारी?" हैबतने विचारलं.

उभं पीक म्हणजे उभा तंतूच.

कौतिका शिवाराकडे पळाली. मागून कर्ण्यावर बुवांचा आवाज येत होता. काल्याला बोलावणारा तोच आवाज आता कापत होता, "माउल्यांनो, चुली पेटवा..."

ज्वारी नुकतीच दुधात आली होती. तिने बांधालगतचं एक ताट बुंध्याशी दोन्ही हातांत धरलं, तेवढ्यात फोन वाजला. नागपूरला दिलेली आक्का.

"कौते, काल्याचा प्रसाद नेला होता ना, त्याचंच विरजण लावलं गं! काय कवडीचं दही लागलंय! अख्ख्या सोसायटीला वाटलं."

"आक्का, ते दही उकळ. ज्यांना दिलंस त्यांच्याकडेही जा. आधी जा!"

"देवाचा प्रसाद उकळायचा?" आक्का दुखावली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि काय गं, सकाळपासून देवघरातल्या वाती हात लावताच भुगा होताहेत. तुमच्याकडेही तसंच का?"

कौतिकाने फोन बांधावर ठेवला आणि ताट पुन्हा धरलं. निरोगी ताट मोडताना कटकन वाजतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने डोळे मिटले. ओठांवर नाम आलं, पण हात हलेनात.

वाजेल ना?