वीतभर डावीकडे

"चित्र तुमचं सरळ आहे हो, आमचं चर्चच वाकडं आहे!"

आवाज वरून आला. चित्रकार मुलीने मान वर केली. परांचीवर पाय सोडून एक पाथरवट बसला होता. हातात ओळंबा, केसांत दगडाची भुकटी, आणि हसू असं की राग यावा की येऊ नये...

शहराच्या उत्सवात या जुन्या चर्चच्या भिंतीवर प्रोजेक्टरने प्रकाशाची चित्रं उमटवायची, हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम. आणि नकाशावरून आखलेल्या तिच्या खिडक्या खऱ्या खिडक्यांपासून वीतभर सरकून पडत होत्या.

"डावा मनोरा कललाय," तो म्हणाला. "सहा महिने त्याची डागडुजी करतोय. माझ्याइतकं त्याला कोणी ओळखत नाही."

"मग मापं द्या की! नुसता भाव काय खाताय?"

त्यानंतर तीन दिवस, उन्हं उतरली की तो पांढरी फळी घेऊन वर चढायचा. ती खालून प्रोजेक्टरचा ठिपका फळीवर आणायची. दोघांचे फोन कानाला.

"माझ्या डावीकडे... अजून... अहो, हा तर माझ्या छातीवर आला!"

"चुकून हं."

"कालही चुकूनच?"

"तुम्हीच मध्ये मध्ये येता!"

खरं तर तिचा हात इतका कच्चा नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी सगळ्या खिडक्या जिथल्या तिथे बसल्या. चर्चची देखभाल करणाऱ्या मावशी विणकाम घेऊन तिच्याजवळ टेकल्या.

"झालं बाई तुझं काम. तो पाथरवटही मनोरा आटोपून उद्या सकाळच्या गाडीने चालला, दुसऱ्या गावच्या घंटाघराच्या कामाला. बोलला नाही तुला?"

नव्हता बोलला. पण हातावर हात धरून बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने कीबोर्ड पुढे ओढला.

चर्चभर अक्षरं उजळली. चर्चसमोरच्या चौकातून एक शिट्टी आली, मग हशा, मग टाळ्या.

"काय लिहिलंय?" तो परांचीवरून फोनवर गोंधळला. "इथं नुसता उजेड दिसतोय. एकेक अक्षर दाराएवढं!"

"भिंतीला नाक लावून वाचता येत नाही. खाली ये."

तो आला. तिच्या शेजारी उभा राहून वळला.

'मला तू आवडतोस. जायच्या आधी उत्तर देऊन जा.'

तीन दिवसांचं 'तुम्ही' तिने चारचौघांत मोडीत काढलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे सगळ्यांनी वाचलं... आणि मी शेवटी?"

"तू फार जवळ होतास."

"जावं तर लागेल. शब्द दिलाय." त्याने केसांतली भुकटी झटकली. "पण रविवारी सुट्टी असते. आणि गाडीला दोनच तास लागतात."

"दर रविवारी?"

तो गर्दीतून वाट काढत चर्चच्या दाराशी गेला, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि फोन कानाला लावला.

"दर रविवारी," तो म्हणाला. "आता आण ठिपका. चुकून नको, मुद्दाम."

तिने हसतच नेम धरला. ठिपका थोडा बाजूलाच पडला.

"माझ्या डावीकडे," तो हळूच म्हणाला. "वीतभर."

आणि ठिपका नेमका काळजाच्या जागेवर बसला.