अवधूतचा स्वतःचा खर्च

"मी नोकरी सोडतोय, ताई."

शरयूच्या हातातला मोजा अवधूतच्या टाचेपाशी तसाच अडकून राहिला. रोज सकाळी त्याला अंघोळ घालून, कपडे चढवून, चाकाच्या खुर्चीत बसवून, मग रॅम्पच्या व्हॅनने ऑफिसात पोचवायचं, हा तिचा नेम. आठ वर्षांपूर्वी टर्नपाइक हायवेवर एका ट्रकने तिच्या या धाकट्या भावाची गाडी चिरडली, कमरेखालचं शरीर परकं झालं... आणि हॉस्पिटलातून तिने त्याला थेट अमेरिकेतल्या आपल्या एडिसन गावच्या घरी आणलं, ते कायमचंच.

"सोडतोयस? अरे, परवा तर म्हणालास, तीनऐवजी पाच दिवस या म्हणतायत!"

"तेच तर! पाच दिवस गेलो की पगार सरकारच्या मर्यादेबाहेर. अपंगत्वाचा चेक बंद, पुढेमागे मेडिकेअरचा सरकारी आरोग्य विमाही. आणि तेवढ्या पगारात मी एकटा उभा राहू शकत नाही... तसा मी कशानेच उभा राहू शकत नाही म्हणा!" तो हसला. "आणि तीनच दिवस येतो म्हटलं, तर त्यांना दुसरा माणूस हवाय."

कमी कमवावं तर काम जातं, जास्त कमवावं तर आधार जातो... कुठल्याही बाजूला खुर्ची वळवली तरी समोर भिंतच!

"मग सोड ना!" चहा घेऊन आलेले शरयूचे यजमान, मोहनराव, मायेनेच म्हणाले. "तुला घरात काय कमी आहे?"

अवधूतने मान वळवली. मोहनरावांना वाटलं, पटलं त्याला. पुरुषांना समोरच्याची शांतता नेहमी होकारासारखीच वाटते. शरयूने मात्र त्याच्या हाताची वळलेली मूठ पाहिली होती.

शनिवारी तिने मोनाला घरी बोलावलं. मोना तिच्या मैत्रिणीची, शुभाची मुलगी, इथेच जन्मलेली. सरकारी मदत न गमावता अपंग माणसांनी नोकरी कशी करायची, हे सांगणं हेच तिचं काम.

"सो, अवधूतकाका," चकलीचा तुकडा मोडत मोना म्हणाली, "कामाला जाण्यासाठी तुमचा काय काय खर्च होतो? म्हणजे डिसॅबिलिटीमुळे होणारा. व्हॅन, हेल्पर, असं?"

अवधूतने तोंड उघडायच्या आत शरयू अभिमानाने म्हणाली, "त्याचा? एक पैसा नाही गं! व्हॅन आम्ही केली, पेट्रोल आम्ही भरतो, तयारी मी करते. त्याला कशाला हात लावू दिलाय कधी!"

मोनाने चकली बशीत ठेवली.

"ओह नो... काकू, दॅट्स द प्रॉब्लेम."

"काय?"

"असा खर्च काकांनी स्वतः भरला, तर तो पगारातून वजा होतो, आणि उरलेला पगार सरकार मोजतं. मग पाच दिवस काम करूनही ते मर्यादेच्या आत राहू शकतात. सरकारी ऑफिसकडून अप्रूव्ह करून घ्यावं लागेल, पण होऊ शकतं. फक्त, तुम्ही भरलेलं काही धरत नाहीत. आतापर्यंतच्या हिशेबात त्यांचा खर्च झीरो!"

आठ वर्षं शरयूने काळजाच्या तुकड्यासारखा जपला होता भाऊ... आणि त्या मायेनेच त्याला कोंडून ठेवलं होतं!

"मग मी ताईला पैसे देतो," अवधूत एकदम म्हणाला.

"वेडा आहेस का? भावाच्या पायात मोजे चढवायची मजुरी घेऊ? भाऊबीजेला ओवाळणी घालतोस तेवढी पुरे!"

"थांबा थांबा. घरच्यांना दिलेलं सहसा चालतच नाही," मोना म्हणाली. "एकच केस आहे. काकांना मदत करण्यासाठी त्या माणसाने स्वतःचा जॉब सोडला किंवा कमी केला असेल, तर. काकू, तुम्ही जॉब करत होता?"

मोहनरावांनी चष्मा पुसायला घेतला.

"ती डेंटिस्टकडे होती रिसेप्शनला," अवधूत म्हणाला. "कंटाळून सोडलं. हो ना, ताई?"

हो म्हटलं की संपलं. त्याने मनाला लावून घेऊ नये म्हणून किती सहज बोलली होती ती हे खोटं! तिचं ते टेबल, पेशंटांची लहान मुलं, शुक्रवारचे डोनट्स, तिचं नाव अचूक उच्चारणारी एकुलती एक अमेरिकन म्हातारी... सगळ्यावर तिने एकाच वाक्याची माती लोटली होती. पण आता हो म्हणायचं, म्हणजे त्याच्यापुढची एक वाट स्वतःच्या हाताने बुजवायची!

"नाही रे..." ती म्हणाली. "तुझ्यासाठी सोडली."

"मला सांगितलं नाहीस!"

"तू सोडू दिली असतीस?"

"नसतीच दिली!" त्याचा आवाज फाटला. "सगळं तूच द्यायचं, ताई, आणि मी नुसतं घ्यायचं? आठ वर्षं मी या घरात साध्या भाडेकरूसारखाही नाही गं, त्याच्याकडे निदान कोणी भाडं मागतं! माझ्यावर कुणाचं काही अवलंबूनच नाही... मी नोकरी पैशासाठी नाही करत. तिथे लोक माझी वाट बघतात!"

शरयूने त्याच्या मांडीवर डोकं टेकवलं. त्या मांडीला तिच्या अश्रूंचा स्पर्श कळत नव्हता. पण त्याचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "घेईन मी तुझे पैसे. कुणी काही म्हणो."

"नको. मी बाहेरचा माणूस ठेवतो. पगार मी देईन. तू परत जा कामावर."

"म्हणजे आता मी नको तुला?"

"अगं, मला ताई हवीय! ती गेली आठ वर्षं नुसती धावतेय, कधी भेटतच नाही."

मंजुरी यायला वेळ लागला. सरकारला घाई कधीच नसते. तोवर अवधूतने ऑफिसला थांबवून धरलं. मर्यादा गेली नव्हती; खर्च वजा जाऊन पाच दिवसांचा पगार तिच्यात जेमतेम बसला, इतकंच. रॅमोन नावाचा एक धिप्पाड, हसरा माणूस सकाळी येऊ लागला. पहिल्या दिवशी शरयू त्याला दारात उभी राहून सूचना देत राहिली... मोजा आधी डावा, पाणी कोमट, खांदा हलकेच... शेवटी आतून अवधूत ओरडला, "ताई, जा! कामावर जायला उशीर होतोय तुला!"

डेंटिस्टकडे आता नवी मुलगी होती. शरयूला ओक ट्री रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं होतं. कॉम्प्युटर नवा, पाय दुखायचे, आणि मालकीण तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. सकाळी हात रिकामे राहिल्याची तिला अजून चुटपुट लागायची. माया सुटत नाही इतक्यात!

एका संध्याकाळी ती दमून आली, पर्स ठेवली आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळली. खुर्ची तिच्या वाटेत आली. अवधूतने ऑफिसचा शर्ट अजून बदलला नव्हता.

"बस आधी," तो म्हणाला. "आज काय काय झालं, सांग."

शरयू बसली. तिने तोंड उघडलं... आणि हुंदकाच फुटला. आठ वर्षांत तिच्याकडे सांगण्यासारखा स्वतःचा असा एकही दिवस नव्हता.

"अरे, एक आजोबा आले होते," डोळे पुसत ती म्हणाली, "चष्मा हरवला म्हणून भांडत होते... आणि तो कपाळावरच!"