राहिलेलं भरून दे

थांब, वात जरा पुढे सारते, मग सांगते. गोष्ट तशी भर दिवसाची आहे.

ह्यांच्या डोक्यात गाठ निघाली होती. ऑपरेशनआधी एमआरआय पुन्हा काढायचा, म्हणून आम्ही सिंदीहून वर्ध्याला गेलो. माझा सोळावा सोमवार होता. ह्यांना मशीनमध्ये सरकवलं आणि मी बाहेर बाकावर बेलपान मुठीत धरून बसले. आतून ठकठक, घरघर... मग ह्यांचं ओरडणं. ह्यांचा जीव घाबरला, अर्ध्यातच बाहेर काढावं लागलं. मी डोळे मिटून म्हटलं, महादेवा, राहिलेलं भरून दे, उद्यापन थाटात करीन.

मशीनवरचा अंकुश म्हणाला, घाबरू नका. ठिपक्यांची रांगोळी काढता ना, तसंच. मिळाले तेवढे ठिपके घेऊन रेषा कॉम्प्युटर जोडतो, हजारो डोकी पाहून शिकलाय तो. मला पटेना. त्याच ठिपक्यांतून मी कमळ काढते, जाऊबाई कासव.

मी हळूच विचारलं, "ज्यायचे पाहून शिकला, ते सारे जित्ते आहेत का रे?"

तो फिल्म पाकिटात सरकवत राहिला. "ते मले कसं माहीत असन, काकू..."

फिल्ममध्ये गाठ नव्हती. डॉक्टर चक्रावले, ऑपरेशन थांबवलं. हे हसून म्हणाले, तुह्या महादेवानंच पुसली. मीही हात जोडले. पण फिल्म उजेडात धरली तर कान दिसला. लहानपणी काटेरी तारेत ह्यांच्या कानाची कड फाटलेली. फिल्ममध्ये ती सलग होती. म्हटलं, कॉम्प्युटरनं कान आपल्या मनानं भरला, तर गाठही मनानंच पुसली असेल...

दिवेलागणीला ह्यांच्या डोक्याला तेल लावायला बसले. बोट सवयीनं कानावरून फिरलं. रोज खाचेत अडकायचं. त्या दिवशी अडकलं नाही.

"काऊन थांबली वो?"

आवाज ह्यांचाच होता.

आता डोकं दुखत नाही, दोन भाकरी खातात. मी देवाचे उपकारच मानते. पण उद्यापनाचं सामान आणून ठेवलंय आणि दर सोमवारी काही ना काही निमित्त काढते. उद्यापन केलं म्हणजे दिलं ते पदरात घेतलं, असं होतं. आणि माझंच माणूस दे, एवढं म्हणायचं राहूनच गेलं.

कारण त्या संध्याकाळी बोट खाली पाळीपर्यंत गेलं होतं. ह्यांचे कान कधी टोचलेच नव्हते गं. तिथं छिद्र होतं... जुनं, ओघळलेलं, जन्मभर जड बाळी घातल्यासारखं.