गाईचा घास

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. ज्यांच्या बाबतीत ती घडली त्या रत्नप्रभाबाईंनाही तो ठेवायचा नाहीये, पण जमत नाही.

जागा कतारमधलं अल खोर. गेल्या जानेवारीतला धुक्याचा दिवस. आणि वेळ सकाळची. होय, चांगली उजाडलेली सकाळ. भुतांनी ड्यूटीच्या वेळा पाळाव्यात ही अपेक्षा फक्त आपली.

रत्नप्रभाबाई मूळच्या नाशिकच्या. यजमान वसंतराव गॅस प्लांटवर इंजिनिअर. सासरची रीत अशी की पहिली पोळी गाईची. आता वाळवंटात गाय आणायची कुठून?

वसाहतीच्या कुंपणामागे मोकाट गाढवं फिरायची. कुणीतरी पाळलेली, मग कंटाळून सोडून दिलेली. बाईंनी त्यातली एक गाढवीण निवडली आणि तिची गाईच्या पदावर नेमणूक केली.

"आई, दॅट्स अ डाँकी," त्यांची मुलगी आर्या म्हणाली.

"देवाला माहितीये गं. तो अ‍ॅडजस्ट करतो."

गाढवीण आधी माणूस दिसला की पळायची. तिचा एक खूर वाढून जुन्या जोड्यासारखा वर वळला होता. त्यामुळे तीन पावलं वाजायची, चौथं घासत यायचं.

टक्, टक्, टक्... फर्र.

बाई रोज हात पुढे करून "ये गं" म्हणायच्या. हळूहळू ती हातातून खायला लागली. मग कुणाच्याही हातातून. तिला पिल्लू झालं. ते मात्र लांब उभं राहून बघायचं.

"तुमच्या गोमातेनं ओरडायला सुरुवात केलीये," वसंतराव चिडवायचे. "पोळी करपली तरी चालेल, लवकर द्या."

आणि मग एके दिवशी ओरडणं ऐकू आलं नाही.

मोकाट गाढवं पकडून नेणारी माणसं आली होती. कातड्यासाठी. बाकीची गाढवं पळाली. ही पळाली नाही. समोर हात पुढे झालेला दिसला, म्हणून चालत गेली. दोरीसुद्धा लागली नाही, असं वॉचमन म्हणाला. स्वतःच्या पायांनी गाडीत चढली.

रिफतला ती सापडली. रिफत मूळची लाहोरची, अल गराफात शाळेत शिकवते आणि अशी गाढवं वाचवून शहराबाहेरच्या एका शेडमध्ये सांभाळते. बाई तिथं पोचल्या तेव्हा वाळूच्या ढिगाऱ्यामागचं दिसू नये म्हणून रिफत त्यांच्यासमोर आडवी उभी राहिली.

"बाजी, मत देखिए."

बाईंनी पाहिलं. वळलेला खूर ओळखला. बाकी ओळखण्यासारखं काही ठेवलं नव्हतं.

राहिलं पिल्लू. ती माणसं पुन्हा येणार हे उघड होतं. त्याआधी पिल्लाला शेडवर न्यायचं होतं, आणि ते कुणाला जवळ येऊ देत नव्हतं. आईचं काय झालं ते बघून तेवढं तरी शिकलं होतं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की कुंपण दिसेना. रिफतनं पिकअप लावली, चढायला मागे फळी टाकली आणि पिल्लू बुजू नये म्हणून स्टिअरिंगवर जाऊन बसली. बाई पोळी घेऊन चार पावलं धुक्यात गेल्या.

"ये रे बाळा..."

काही नाही.

हायवेचा आवाजही थांबला होता.

आणि मग... धुक्यातून...

टक्. टक्. टक्...

फर्र.

बाईंचा हात पुढे झालेलाच होता. तळहातावर ऊन श्वास आला. ओले ओठ लागले. पोळी गेली.

समोर कुणीच नव्हतं.

मग पिल्लू दिसलं. आईच्या पोटाला लागून चालावं तसं, मान तिरकी करून, कशाला तरी अंग घासत येत होतं. वाळू दमट होती. तिच्यावर फक्त लहान खुरांचे ठसे उमटत होते.

पावलं बाईंना ओलांडून गाडीकडे गेली. फळी वाजली.

टक्. टक्. टक्... फर्र.

पाठोपाठ पिल्लू चढलं.

आणि पिकअप मागून खाली बसली.

"बाजी, कोई बड़ी वाली भी मिल गई क्या?" रिफत पुढून खुशीत ओरडली. "गाड़ी बैठ गई पूरी!"

बाईंना मागचा फाळका लावता येईना. पिल्लाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या, "उतर गं बाई. माणसांच्या गाडीत चढायचं नसतं. अजून कळलं नाही का तुला?"

कुणी उतरलं नाही.

शेडवर पिल्लू उतरलं. तिथं ते खातंय, वाढतंय. गाडी मात्र वर आली नाही. मेकॅनिकनं स्प्रिंग बदलले, पुन्हा बदलले, मग "खलास" म्हणून हात झटकले. रिकामी उभी असली तरी ती मागून बसलेलीच असते.

रिफतला ती विकायचीय. गिऱ्हाईकही आलं होतं. बाई गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, गाडी आहे ती," वसंतरावांनी समजावलं. "विकू दे तिला."

"कोण कुठला माणूस, आपल्याला माहीत तरी आहे का?" बाई म्हणाल्या. "ती काय हो... ती कुणाबरोबरही जाते."